शेगडी आली, स्वयंपाक कोण शिकवणार?



बारावी झाल्यावर एटापल्ली, भामरागड, धारणी किंवा चिखलदरा तालुक्यातून नागपुरात शिकायला आलेल्या आदिवासी विद्यार्थ्याला शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, की तो दोन-तीन मित्रांबरोबर भाड्याची खोली घेतो. प्रतापनगर, त्रिमूर्तीनगर, खामला, जयताळा या आपल्या भागात अशा खोल्या पुष्कळ आहेत. आपल्यापैकी काहींच्या घराच्या वरच्या मजल्यावरही अशी मुले राहत असतील. वसतिगृहाबाहेर राहणाऱ्या या मुलामुलींसाठी राज्य शासनाने २०१६ मध्ये पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आणली. नागपूरसारख्या मोठ्या शहरासाठी त्यात वर्षाला ६०,००० रुपये ठरवून दिले: भोजनासाठी ३२,०००, निवासासाठी २०,००० आणि निर्वाहासाठी ८,०००.

यातल्या भोजनाच्या रकमेचा हिशेब करून पाहा. वर्षाच्या ३६५ दिवसांत ३२,००० रुपये वाटले तर दिवसाला ८८ रुपयेही येत नाहीत. सुट्ट्या सोडून दहा महिने धरले तर दिवसाला १०७ रुपयांच्या आत. यात सकाळचे खाणे आणि दोन वेळचे जेवण भागवायचे, आणि पैसे महिन्याच्या महिन्याला नव्हे, हप्त्याहप्त्याने खात्यात येतात. खोलीत वरण-भात, भाकर आणि एक भाजी करता येणाऱ्या तिघांना हे पैसे ओढूनताणून पुरतात. ज्यांना करता येत नाही त्यांचे पैसे मेसच्या डब्यात, चौकातल्या तर्रीपोह्यात आणि नूडल्सच्या पाकिटात जातात, आणि हप्ता लांबला की एक वेळचे जेवण आपोआप सुटते. म्हणजे या मुलांच्या बाबतीत स्वयंपाक येणे हा आवडीचा प्रश्न उरत नाही. शिष्यवृत्ती पोटापर्यंत पोहोचणार की नाही, ते त्यावर ठरते.

हाच प्रश्न शासकीय वसतिगृहांतही उभा राहिला होता. २०१८ मध्ये शहरी आदिवासी वसतिगृहांतली खानावळ बंद करून जेवणाचे पैसे थेट विद्यार्थ्यांच्या खात्यात भरायचे ठरले. त्याविरुद्ध त्या वर्षी पुण्याहून नाशिकच्या दिशेने विद्यार्थ्यांनी पायी मोर्चा काढला. त्यांची मागणी साधी होती: पैसे नकोत, खानावळ सुरू ठेवा. पैसे हातात मिळत असताना ते नको म्हणणारी मुले अनेकांना विचित्र वाटली. मला ती फार व्यवहारी वाटतात. पैशाचे जेवण आपोआप होत नाही. मध्ये बाजार करणारा, निवडणारा, चिरणारा, शिजवणारा आणि भांडी घासणारा माणूस लागतो, हे त्यांना आपल्याहून चांगले माहीत होते.

आता कोणी म्हणेल, खेड्यातली मुले, त्यांना तर चूल पेटवण्यापासून सगळे येत असेल. तसे नाही, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. राज्यात पाचशेच्या आसपास शासकीय आणि साडेपाचशेच्या आसपास अनुदानित आदिवासी आश्रमशाळा आहेत. सहा-सात वर्षांचे मूल तिथे जाते आणि दहावी-बारावी होऊन बाहेर पडते. या सगळ्या काळात त्याचे जेवण स्वयंपाकी आणि कामाठी करतात. शंभर-दोनशे ताटांचा भात मोठ्या गंजात शिजतो आणि मूल ताट घेऊन रांगेत उभे राहते. घरी ते दिवाळीत आणि उन्हाळ्यात जाते. मुले ज्या वयात आईच्या बाजूला बसून शेंगा सोलतात, कणकेच्या गोळ्याशी खेळतात, फोडणीचा वास ओळखायला शिकतात, ते वय चुलीपासून दूर सरते. आश्रमशाळांनी या मुलांना अक्षर दिले, हे मोठेच काम आहे. पण त्या सोयीत घरचे एक शिक्षण सुटले, आणि ते कोणाच्या वेळापत्रकात नव्हतेच.

याच वयाची आपली मुले तर घरातच असतात. तरी प्रतापनगरच्या फ्लॅटमध्ये चित्र फार वेगळे आहे असे समजू नये. आईवडील दोघे नोकरीला, आजी गावी, सकाळी पोळ्यांना बाई येते आणि मुलगा क्लासमधून रात्री नऊला परततो. “तू अभ्यास कर, स्वयंपाकघरात लुडबुड नको,” हे वाक्य कौतुकाचे समजले जाते. मग तोच मुलगा पुण्याला किंवा बंगळूरला नोकरीला लागतो आणि फोनवरून जेवण मागवतो. त्याला ते परवडते, एवढाच फरक.

देशभराचे आकडेही तेच सांगतात. २०२२-२३ च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार पेये, बाहेरचे खाणे आणि तयार पदार्थ यांवर ग्रामीण कुटुंबाच्या खर्चातला ९.६२ टक्के, तर शहरी कुटुंबाचा १०.६४ टक्के वाटा जातो. धान्यावरचा वाटा ग्रामीण भागात पाच टक्क्यांच्या आत आणि शहरात चार टक्क्यांच्या आत आहे. रेशनच्या धान्यामुळे धान्यावरचा खर्च कमी दिसतो, हे लक्षात घ्यायला हवे. तरीही पाकिटाचा आणि हॉटेलचा खर्च गव्हा-तांदळाच्या पुढे निघून गेला आहे, आणि तो खेड्यांतही गेला आहे, ही गोष्ट उरतेच.

स्वयंपाक पुस्तकातून शिकावा लागणे ही काही आजची गोष्ट नाही. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ चे, लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणी-मित्र’ १९१० चे. पण कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० मध्ये आली आणि घराघरांत पोहोचली, त्यात तिच्या मापांचा मोठा वाटा होता. त्यांनी वाटी आणि चमच्याची मापे दिली. “अंदाजाने मीठ” हे आईला समजते; आईपासून दूर संसार मांडलेल्या मुलीला अंदाज कुठून येणार? तिला वाटीच हवी. तरीही त्या काळच्या मुलीने निदान दहा-बारा वर्षे घरात स्वयंपाक होताना पाहिलेला असे. पुस्तक तिला आठवण करून देत असे. ज्याने काहीच पाहिले नाही त्याच्या हातात पुस्तक दिले, किंवा मोबाईलवर व्हिडिओ लावून दिला, तर कृती कळते. पण हात बसत नाही.

हात बसणे म्हणजे काय, ते ज्वारीच्या भाकरीवरून चांगले समजते. गव्हाच्या कणकेत पाणी घालून मळले की ग्लूटेन नावाचा चिवट पदार्थ तयार होतो आणि पोळी ताणली तरी फाटत नाही. ज्वारीत ते नसते. म्हणून पिठात कढत पाणी घालायचे. त्या उष्णतेने पिठातला स्टार्च फुगून चिकट होतो आणि भाकरीला तोच धरून ठेवतो. मळायचे तळहाताच्या टाचेने, कोपरात जोर देऊन, आणि एका वेळी एका भाकरीपुरतेच. मळून ठेवलेला गोळा पुन्हा चिरायला लागतो. (कोपर म्हणजे आपली नागपुरी परात, पश्चिम महाराष्ट्रातून आलेल्या वाचकांनी दचकू नये.) भाकर तव्यावर टाकली की वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवायचा. ते पाणी पुरते वाळायच्या आत उलटायची. उशीर झाला तर तडे जातात, घाई केली तर तव्याला चिकटते. मग दुसरी बाजू भाजून सरळ विस्तवावर धरली की टम्म फुगते. इतके करूनही जमली नाही तर दोष पिठाचा असू शकतो. जुन्या पिठाची विरी जाते, मग कितीही मळा, भाकर तुटणारच. म्हणून जाणत्या घरात ज्वारी आठवड्यापुरतीच दळून आणतात.

या सगळ्यात पाणी किती कढत, पीठ किती मऊ, भाकर कधी उलटायची, यांपैकी एकही गोष्ट घड्याळाने सांगता येत नाही. ती बोटांना कळते. फोडणीचेही तसेच. तेल तापले की मोहरी, ती तडतडली की जिरे, मग लसूण, आणि हळद-तिखट सर्वांत शेवटी. कारण पूड झालेला मसाला तापल्या तेलात क्षणात करपतो आणि करपलेले तिखट अख्ख्या भाजीला कडवट करते. हा क्रम एकदा कोणी शेजारी उभे राहून दाखवला की जन्मभर विसरत नाही. न दाखवल्यास मुलगा तीनदा करपवतो आणि चौथ्यांदा नूडल्सचे पाकीट आणतो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनी दिवसाला ५ ग्रॅमपर्यंतच मीठ घ्यायला सांगितले आहे. अशा एका पाकिटात त्यातला मोठा हिस्सा संपतो, आणि दोन तासांनी पुन्हा भूक लागते.

आदिवासी घरांतल्या स्वयंपाकात हा हाताचा भाग आणखी महत्त्वाचा आहे, कारण तिथे तो कधी कधी जिवाशी निगडित असतो. पूर्व विदर्भात बांबूच्या कोवळ्या कोंबांना वास्ते म्हणतात. त्यांत सायनाइड तयार करणारे द्रव्य असते. कोंब बारीक चिरून, पाण्यात ठेवून, उकळून ते पाणी फेकून दिले की भाजी खाण्याजोगी होते. रानातले काही कंद तर कच्चे किंवा अर्धवट शिजवून खाल्ले तर विषारीच ठरतात. ते कापून, रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवून, पुन्हा पुन्हा उकळूनच खातात. कोणता कंद गोड, कोणता कडू, कशाचे पाणी फेकायचे आणि कशाचे नाही, हे आजीला ठाऊक असते. उलट तरोटा, अंबाडी यांसारख्या ओळखीच्या पालेभाज्या भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून दिले तर त्यातले क जीवनसत्त्व आणि फोलेट मोरीत जाते. म्हणजे एकाच कृतीने एका ठिकाणी जीव वाचतो आणि दुसऱ्या ठिकाणी सत्त्व वाया जाते. असे ज्ञान अर्धवट राहिले तर धोक्याचे असते, आणि पूर्ण विसरले तर ते अन्नच ताटातून जाते. उभे रान समोर असते, पण त्यातले खायचे काय हे कळत नाही.

मोहाचे उदाहरण घ्या. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळलेली फुले वेचतात, वाळवून वर्षभर ठेवतात. ती उकडून, भाजून, तिळासोबत कुटून त्यांचे लाडू होतात. बियांचे, म्हणजे टोळीचे, तेल निघते. शहरात मात्र मोह म्हटले की लोकांना फक्त दारू आठवते. त्यामुळे वसतिगृहातला मुलगा घरून आणलेले मोहाचे लाडू मित्रांसमोर काढायला लाजतो. चव विसरण्याआधी ही लाज येते, असे मला वाटते. आपल्याकडे कोणी असा डबा उघडला तर आधी एक लाडू मागून घ्यावा.

पण जुने ते सगळे गोड, असेही कोणी मानू नये. कोदो, कुटकी, कोसरी यांसारखी बारीक धान्ये ताटातून मागे पडली, त्याला आळस हे कारण नाही. कुटकीचे दाणे मोहरीएवढे. त्यांचे टरफल काढायला उखळात कांडावे लागते, पाखडावे लागते, पुन्हा कांडावे लागते. हे काम बायकांच्या वाट्याचे. रेशनवर तयार तांदूळ मिळायला लागल्यावर त्या बाईने मुसळ खाली ठेवले, तर तिला दोष कोणत्या तोंडाने द्यावा? २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरड धान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले, तेव्हा शहरांत कुटकीचे गुणगान पुष्कळ झाले. गुणगान करणाऱ्याने एक पायली कुटकी कांडून पाहावी. ही धान्ये परत हवी असतील तर गावात टरफल काढणारी लहान गिरणी लागेल. भाषणांनी ते होणार नाही.

कष्टांचा हा विषय निघाला की पुरुषांकडे वळावेच लागते. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरातल्या बिनमोबदल्याच्या कामांत ८१.२ टक्के स्त्रिया आणि २६.१ टक्के पुरुष सहभागी दिसले. आणि जे सहभागी होते त्यांतही स्त्रियांचा वेळ दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, पुरुषांचा ९७. आपल्या विदर्भात गंमत अशी की शेतात रोडग्यांची पार्टी असली की गोवऱ्यांच्या विस्तवावर पंचवीस माणसांचे रोडगे भाजायला आणि वांग्याची भाजी ढवळायला पुरुषच पुढे असतात. लग्नातले आचारीही पुरुष. म्हणजे हाताला जमत नाही हा मुद्दाच नाही. रोजचे वरण लावणे तेवढे त्यांचे काम मानले जात नाही. खोलीवर राहणाऱ्या मुलांमध्ये याचा परिणाम उघड दिसतो. तीन मुली एकत्र राहिल्या तर एकीला तरी काहीतरी येत असते. तीन मुलगे राहिले तर बहुतेकदा तिघेही शून्यापासून सुरुवात करतात.

म्हणून शिकवायचेच असेल तर मुलग्यांपासून सुरुवात करणे बरे. आश्रमशाळेतही हे करता येईल, पण एक खबरदारी हवी. स्वयंपाकी कमी आहेत म्हणून मुलींना पोळ्या लाटायला बसवणे याला शिकवणे म्हणता येणार नाही. ती बिनपगारी मजुरी झाली. शिकवणे म्हणजे आठवी-नववीच्या आठ-दहा मुलामुलींनी सुट्टीच्या दिवशी मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली स्वतःपुरते चार पदार्थ करणे, खाणे आणि भांडी घासणे. गावातली एखादी आजी त्या दिवशी आली, आणि तिने आंबील किंवा वास्त्याची भाजी दाखवली, तर तिच्या ज्ञानाला शाळेच्या आवारात पहिल्यांदा खुर्ची मिळेल.

शहरातल्या खोलीसाठी फार काही लागत नाही. तीन लिटरचा कुकर, तवा, एक कढई, कोपर, सराटा आणि तिखट, हळद, मीठ, मोहरी, जिरे एवढ्यावर तिघांचे चालते. सुरुवात खिचडीने करावी. तांदळात जे प्रथिन कमी पडते ते डाळ भरून काढते आणि डाळीतले उणे तांदूळ भरतो, त्यामुळे दोन्ही एकत्र खाल्लेले जास्त अंगी लागते. वर लिंबू पिळले तर डाळीतले लोहही शरीर अधिक घेते. त्यानंतर चून, म्हणजे आपले पिठले: कांदा-लसणाची फोडणी, पाणी, उकळी, आणि बेसन एका हाताने भुरभुरत दुसऱ्या हाताने ढवळणे. पंधरा मिनिटांत होते आणि गुठळ्या झाल्या तरी खाता येते, हा नवशिक्यासाठी मोठा गुण. अंडी, आलू-वांगे, पालेभाजी हळूहळू येते. भाकर सर्वांत शेवटी शिकवावी, नाहीतर पहिल्याच आठवड्यात मुले हिंमत सोडतात.

धान्याचीही एक सोय अनेकांना माहीत नसते. ‘एक देश एक रेशन कार्ड’मुळे घरच्या कार्डावर नाव आणि आधार जोडलेले असेल तर त्यातला काही वाटा नागपुरातल्या रास्त भाव दुकानातूनही उचलता येतो. प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर माणशी महिन्याला ५ किलो धान्य असते आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. घरचे लोक गावाला किती उचलतात ते विचारून घ्यावे, म्हणजे त्यांच्या ताटातले कमी होणार नाही.

गॅसबद्दल मात्र काळजी घ्यायला हवी. रस्त्याकडेच्या दुकानात किलोवर भरून मिळणारी छोटी टाकी आणि तिच्यावरच बसवलेला बर्नर अनेक खोल्यांत दिसतो. तसे भरणे बेकायदा आहे आणि बंद खोलीत फार धोक्याचे. इंडियन ऑईलचा पाच किलोचा ‘छोटू’ सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो, नागपुरातल्या पत्त्याचा पुरावा लागत नाही. काही घरमालक खोलीत स्वयंपाकच करू देत नाहीत, भिंती काळ्या होतात म्हणून. ज्यांच्या घरी अशी मुले राहतात त्यांनी निदान गॅलरीत एक ओटा आणि वीजमापकाचा नीट हिशेब ठरवून इंडक्शन शेगडी लावू दिली, तरी तीन मुलांचे वर्ष निघते.

नवीन मुले जून-जुलैत येतात. खोली मिळाल्यानंतरच्या पहिल्या पंधरा दिवसांत डबा लावायचा की चूल मांडायची हे ठरते, आणि एकदा डबा लागला की कुकर पोत्यातच राहतो. तेवढ्या दिवसांत महिला संघातल्या दोघी-तिघींनी, किंवा निवृत्त झालेल्या आणि घरी स्वयंपाक येणाऱ्या एखाद्या काकांनी, आठवड्यातून दोन संध्याकाळी त्या खोलीवर जाऊन शेगडीजवळ उभे राहावे. स्वतः करून देऊ नये. सराटा त्यांच्याच हातात राहू द्यावा.